म्हशींतली बिजली

"ये गो बाये, ये. भायर ये," गुणाजीने डबक्याच्या काठावरून विसाव्यांदा सांगितलं.

बिजली ही पांढरीशुभ्र घोडी होती. म्हणजे असायला हवी होती. आत्ता ती पोटापर्यंत चिखलात, चौदा म्हशींच्या मधोमध उभी होती आणि आपण त्या गावच्याच नाही अशा चेहऱ्याने डोळे मिटून होती. गुणाजीने चण्यांची बादली खुळखुळवली. बादली वाजवली की घोडी येते, असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं. सात म्हशी आल्या. त्यांनी चणे खाल्ले, बादली उलटी केली, गुणाजीच्या पँटला अंग पुसलं आणि परत पाण्यात जाऊन बसल्या.

म्हशींचा मालक शिवदास काठावर बसून पोट धरून हसत होता. "गुणाजीभाऊ, सोडा तिचा नाद. वो अब भैंस बन गयी."

"तू गप रे," गुणाजी म्हणाला आणि पँट गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यात उतरला.

मरोळच्या पुढे, आरेच्या झाडीला लागून शुभाताईंचा घोडेस्वारीचा वर्ग होता. ज्या मुलांच्या पाया-पाठीत जोर नाही त्यांना घोड्यावर बसवून फिरवलं की हळूहळू ताकद येते, म्हणून आठवड्यातून तीन दिवस मुलं यायची. घोडी एकच. बिजली पूर्वी लग्नाच्या बग्गीला जुंपलेली असे. जोडीदार घोडा मेल्यावर मालकाने ती वर्गाला देऊन टाकली. इथे दुसरा घोडा नव्हता, पण मागच्या मैदानात शिवदासच्या म्हशी चरायच्या. बिजली चार दिवस कुंपणाशी उभी राहिली आणि पाचव्या दिवशी म्हशींत गेली ती गेलीच.

गुणाजी खरं तर वर्गाचा वॉचमन. त्याआधी मरोळच्या एका कारखान्यात तीस वर्षं प्रेसवर होता. कारखाना बंद पडला तेव्हा डाव्या हाताची दोन बोटं कमी घेऊन बाहेर पडला. घोडा म्हणजे काय, हे त्याने लोकांच्या वरातीत पाहिलं होतं तेवढंच. जुना घोडेवाला नोकरी सोडून गेला आणि त्या दिवशी फाटकावर गुणाजी होता, एवढ्यावरच घोडी त्याच्या गळ्यात पडली. चार वर्षं झाली त्याला.

बिजली रिंगणात यायची, पण एका अटीवर. मावशी नावाची सगळ्यात म्हातारी म्हैस रिंगणाच्या कुंपणाला बांधलेली दिसायला हवी. ती दिसली की घोडी मुलांना घेऊन शहाण्यासारखी फिरायची. मुलांचे आईबाप आधी हसायचे, मग म्हशीचेही फोटो काढायचे. असं सगळं झकास चाललं होतं.

त्या दिवशी चिखलाने माखलेली घोडी आणि तिच्यामागून मावशी अशी वरात आली, तेव्हा शुभाताई हसल्या नाहीत.

"गुणाजी, शिवदासचा तबेला हलतोय. वसईच्या पलीकडे. एक तारखेला म्हशी जाणार."

"ऐकलंय मॅडम."

"मग ही काय करणार? पाठीवर मूल असताना उधळली तर? तीस तारखेला मावशीशिवाय अर्धा तास नीट चालली, तर ठेवू. नाहीतर कर्जतकडे एक जण घ्यायला तयार आहे, त्याला देऊ."

"तो कितवा?"

"काय कितवा?"

"मालक. सहा झाले तिचे आतापर्यंत."

शुभाताई वाईट नव्हत्या. त्यांनी मान खाली घातली. गुणाजीने दोरी हाताला गुंडाळली. "मी शिकवतो तिला."

"तुम्हाला येतं?"

"नाही. पण शिकवतो."

हातात तीन आठवडे होते. पहिला आठवडा वाया गेला. गुणाजीने ओढून पाहिलं; घोडीने त्यालाच डबक्यापर्यंत ओढत नेलं. मग त्याने मावशीच्या गळ्यातली घंटा सोडून स्वतःच्या कमरेला बांधली आणि टणटण करत मैदानभर फिरला. बिजलीने एकदा मान वर करून या माणसाकडे पाहिलं आणि ती मावशीच्या आणखी जवळ जाऊन उभी राहिली. शिवदास हसून हसून खाली बसला. घरी बायकोने, कुंदाने, ताट वाढता वाढता सुनावलं, "तिका घेवनच येवा आता घराक. निदान तुमचा तोंड तरी माका दिसात."

दुसऱ्या दिवशी गुणाजी मैदानात नुसता बसून राहिला. त्याने पाहिलं, की दोरी धरून दहा-बारा पावलं नेली की घोडी थरथरते, खिंकाळते, पण पुढच्या वाटेला भीत नाही. ती सारखी मागे पाहते. तो बराच वेळ विचार करत बसला. हे मागे पाहणं त्याच्या ओळखीचं होतं.

सात वर्षांचा असताना बापाने त्याला कुडाळहून घाटकोपरला काकाकडे आणून सोडलं होतं. चाळीच्या जिन्यावर उभं राहून बाप म्हणाला होता, "येतंय हां," आणि गेला. तो तीन वर्षांनी आला. तोवर गुणाजी रोज संध्याकाळी गॅलरीत उभा राहायचा आणि कुणी कुठे न्यायला लागलं, की रडून चाळ डोक्यावर घ्यायचा. आपण नसताना बाप आला तर? तेव्हापासून घरातून निघताना तो सरळ 'जातो' म्हणायचा. असं बोलू नये, 'येतो' म्हणावं, म्हणून कुंदाने तीस वर्षं डोकं आपटलं. पण तो शब्द काही त्याच्या तोंडून निघाला नाही.

या घोडीला ज्याने ज्याने नेलं, त्याने परत आणलंच नव्हतं. मग तिने कुणाच्या भरवशावर यायचं?

गुणाजी उठला. त्याने बिजलीला दोरी लावली आणि निघण्याआधी मावशीकडे वळून तो म्हणाला, "येतंय हां." पन्नास वर्षांनी म्हणाला. दहा पावलं नेलं आणि घोडीने तोंड उघडायच्या आत मागे वळवून मावशीपाशी आणून सोडलं. पुन्हा दहा. पुन्हा परत. दिवसाकाठी साठ-सत्तर खेपा व्हायच्या. दोन दिवसांनी वीस पावलं, मग आंब्याच्या झाडापर्यंत, मग फाटकापर्यंत. नियम एकच, तिने हाक मारायच्या आत परत यायचं. एकदा उशीर झाला, घोडी खिंकाळली, आणि सगळं पुन्हा दहा पावलांवर आलं. गुणाजीने स्वतःला चार शिव्या घातल्या आणि दहापासून मोजायला लागला. शिवदासचं हसणंही आता थांबलं होतं. अठ्ठावीस तारखेला बिजली रिंगणाला एक फेरी मारून परत गेली.

तीस तारखेला सकाळी नऊ वाजता मैदानाच्या तोंडाशी तीन ट्रक येऊन उभे राहिले.

"गाडीवाला आजच मोकळा होता, भाऊ," शिवदास अपराध्यासारखा म्हणाला. "मी काय करू?"

शुभाताई घाईघाईने आल्या. "गुणाजी, उलट बरंच झालं. ती रिंगणात असतानाच म्हशी जाऊ देत. तिला दिसणारच नाही. दोन दिवसांत विसरेल."

"मग मी तिला आणतच नाही."

"अहो, आज तीस तारीख आहे! पुढचं काय ठरलंय ते माहीत आहे ना तुम्हाला?"

"माहीत आहे. पण मी मावशीला येतो म्हणून सांगतो मॅडम, रोज. आज ती घोडी परत आली आणि इथे कुणीच नसलं, तर वाट लागली. परत कुणाबरोबर एक पाऊल टाकायची नाही ती. आणि बरोबरच आहे तिचं."

शिवदासने डोक्यावरचा गमछा काढून झटकला. "मावशी आखिरी ट्रकमध्ये जाईल. आधा घंटा थांबवतो मी. ट्रकच्या पुढ्यात झोपतो, मग तर झालं?"

गुणाजीने मावशीच्या कपाळावर हात ठेवला. "येतंय हां."

रिंगणात स्वरदाला खोगिरावर बसवलं. आठ वर्षांची ही पोर कुबड्यांशिवाय उभी राहत नसे, पण घोड्यावर ताठ बसायची. गुणाजी दोरी धरून चालत होता. एक फेरी झाली, दुसरी झाली. मागून म्हशींचं हंबरणं ऐकू येत होतं. पाचव्या फेरीला ट्रकची फळी धाडकन आपटली आणि बिजली जागच्या जागी थांबली. तिचे कान मागे गेले, मानेवरची कातडी थरथरली. शुभाताई पुढे धावल्या. गुणाजीने त्यांना हातानेच थांबवलं. दोरी त्याने ओढली नाही, उलट ढिली केली.

"काका, तिला भीती वाटतेय?" स्वरदाने वरून विचारलं.

"व्हय. पण आपल्याक परत जावचा आसा, ता तिका ठावक आसा."

स्वरदाला काय कळलं कोण जाणे, तिने घोडीची मान थोपटली. बिजलीने मोठा सुस्कारा सोडला आणि पाऊल उचललं. शुभाताईंनी घड्याळ पाहिलं तेव्हा बत्तीस मिनिटं झाली होती. त्या काही बोलणार होत्या, पण गुणाजी तोवर स्वरदाला तिच्या आईकडे देऊन बिजलीसह मैदानाच्या वाटेला लागला होता.

मैदान रिकामं होतं. एकटी मावशी आंब्याला बांधलेली होती आणि ट्रकवाला हॉर्नवर हॉर्न देत होता. बिजली तिच्यापाशी गेली. दोघींनी नाकाला नाक लावलं. मग शिवदासने मावशीला सोडलं आणि बिजली तिच्याबरोबर फळीपर्यंत चालत गेली. गुणाजीने तिला अडवलं नाही. ट्रक निघाला तसा शिवदास पाठमोरा होऊन डोळे पुसत केबिनमध्ये चढला.

बिजली खिंकाळली. धावत डबक्यावर गेली, परत आली, पुन्हा गेली. गुणाजी मैदानाच्या मधोमध बसून राहिला. रडू आलं तेव्हा त्याने ते येऊ दिलं. चारच्या सुमाराला घोडी दमली आणि येऊन त्याच्यापासून हातभर अंतरावर उभी राहिली.

सहा वाजता त्याने तिला शेडमध्ये नेलं, पाणी ठेवलं, दाराची आडवी फळी लावली. शुभाताईंनी फाटकाची किल्ली त्याच्या हातात दिली. "कर्जतला नाही म्हणून कळवलंय," एवढंच म्हणाल्या.

"येतंय हां," गुणाजी बिजलीला म्हणाला. तो दहा पावलं गेला आणि परत आला. वीस पावलं गेला आणि परत आला. आंब्यापर्यंत, फाटकापर्यंत. दिवेलागण झाली तेव्हा तो मुख्य रस्त्यावरच्या बसथांब्यापर्यंत पोचला होता. त्याची बस आली, थांबली.

"काका, चढताय ना?" कंडक्टरने विचारलं.

गुणाजीने हातानेच नाही म्हटलं आणि तो मागे वळला. घोडीने अजून हाक मारली नव्हती. त्याच्या आत पोचायला हवं होतं.