चण्याची मच्छी

"ट्यूना म्हणजे कोन्ती मच्छी, मॅडम?"

"समुद्रातली. पण ती वापरायची नाहीये, लहानूभाऊ. तिच्यासारखं काहीतरी करायचंय. चण्यांचं. सँडविचमध्ये भरायला."

लहानू मेश्रामनं मान हलवली. नवा रायपूरच्या त्या संस्थेच्या कॅन्टीनमध्ये तो एकोणीस वर्षं स्वयंपाक करत होता. जी मच्छी कधी खाल्ली नाही, ती न घालता तिची चव आणायची, एवढंच काम होतं. सरकारी आवारात याहून अवघड गोष्टी एका परिपत्रकानं होतात.

कॅन्टीन शुद्ध शाकाहारी झाल्यापासून बुधवारची मच्छी बंद होती. तिच्या जागी काहीतरी 'आधुनिक' हवं, असं पुण्याहून आलेल्या अपर्णा मॅडमनी बैठकीत मंजूर करून घेतलं होतं. त्यांनी वाळवलेल्या समुद्री शेवाळाचं पाकीट दिलं. आत जळक्या कागदासारखी काळी पानं. लहानूनं ती हुंगली आणि पुन्हा हुंगली.

"यात मच्छी नाही न? पक्कं?"

"अजिबात नाही. का हो?"

"बायकोले चालत नाही. अंगभर गांधी उठतात. डॉक्टरनं बंद केली, चार महिने झाले. तवापासून दोन घास खाते अन् ताट सारते. सुकून राहिली नुसती."

काबुली चणे त्यानं मऊ शिजवले, पण वाटले नाहीत, हातानं कुस्करले. कांदा, लिंबू, मोहरी, बिनअंड्याचं मेयोनीज, वर शेवाळाची पूड. काउंटरवरच्या रीनानं फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'मछली सैंडविच'. खाली बारीक अक्षरांत, 'शुद्ध शाकाहारी'.

वरची ओळ वाचून शाकाहारी परतले, खालची वाचून मांसाहारी.

दीड वाजता कॅन्टीन समितीचे भैय्यालालजी आले.

"लहानू भैया, ये क्या है?"

"चना है, साहब."

"तो मछली क्यों लिखा?"

"मछली जैसा लगता है."

"वही तो दिक्कत है."

न चाखताच त्यांनी पदार्थ बंद केला. समितीच्या चवीवर आजवर कुणी शंका घेतली नव्हती.

"सॉरी, लहानूभाऊ," मॅडम म्हणाल्या.

"जाऊ द्या न. हे मी घरी नेऊ?"

तात्यापारा मोहल्ल्यातल्या घरी त्याची बायको सत्यभामा भिंतीला टेकून बसली होती. मोतीबिंदूनं तिला सगळं धुरकट दिसायचं. लहानूनं गरम भाताशेजारी सारण वाढलं. तिनं नाक वर केलं.

"मच्छी? मले मारता का, राधाचे बाबा?"

"समुद्राची आहे. ही चालते."

हे वाक्य त्यानं बसमध्ये तीनदा म्हणून पाहिलं होतं.

सत्यभामेनं घास घेतला, पण तोंडात घातला नाही. आधी बोटांनी चाचपला. चण्याचं एक पातळ साल हाताला लागलं. तिनं ते ओढून ताटाच्या कडेला ठेवलं. मग घास तोंडात गेला. मग दुसरा. प्रत्येक घासाआधी बोटं फिरत होती आणि कडेची ओळ वाढत होती.

"चव बरी आहे," ती म्हणाली. "पन काटे साफ नाही केले तुम्ही."

"घाईत राहिले."

"एवढे काटे? उद्या आनसान तं नीट पाहून आना."

"हव."

भात संपला होता. लहानूनं ताट दोन्ही हातांनी उचललं आणि कडेचं एकही साल खाली पडू न देता मोरीकडे नेलं.