कुंकू लावलेली हार्ड डिस्क

हार्ड डिस्कला हळद-कुंकू लावायचं नसतं, हे कुठल्या शाळेत शिकवतात काय? न्हाय ना. मग आमच्या ह्यांची चूक म्हणायची तरी किती? असं मी आता म्हणते. त्या दिवशी मात्र मी ह्यांना जे काय बोलले ते शेजारच्या पिठाच्या गिरणीत ऐकू गेलतं, आणि गिरणी चालू होती.

आमचा बेळगावजवळच्या मच्छे गावात रस्त्याला लागून फोटो स्टुडिओ आहे. हे, म्हणजे आमचे नागेंद्र, लग्नं शूट करतात आणि मी कापते. कापते म्हणजे कॉम्प्युटरसमोर बसून दिवसभराचं लग्न दीड तासात बसवते. कोण जेवताना तोंड वासून बसलंय, कुठला मामा आहेर देताना रुसलाय, सगळं मला माहीत. पण मी कुणाला सांगत न्हाय. ह्या धंद्यात तोंडाला कुलूप लागतं. हे म्हणतात, कुलूप आहे खरं, पण किल्ली कडीलाच अडकवलेली आहे.

लग्नं सगळी त्या हार्ड डिस्कवर ठेवायची. ती आधीपासूनच आळशी. डब्यावर लिहिलेलं, वाऱ्याच्या वेगानं चालते म्हणून. कसला वारा आणि कसलं काय! कॉपीला लावली की पहिल्यांदा दहा मिनिटं म्हणायची. चहा ठेवून यावं तर दोन तास. परत बघावं तर चाळीस मिनिटं, आणि जेवून आलं की एकोणीस तास. खोटं बोलायचं तर माणसानं एका दमात बोलावं! मधेच रुसायची, दिसायचीच न्हाय. पिन काढून परत घातली, वरनं दोन शिव्या दिल्या, की यायची.

"दुसरी एक घ्या, सगळ्याची अजून एक कॉपी ठेवूया," असं मी ह्यांना किती वेळा म्हटलं असेल. "उद्या बघू," म्हणायचे. ह्यांचा उद्या म्हणजे मुंबईहून येणाऱ्या पाहुण्यासारखा. निघालो म्हणतो, पोचत न्हाय.

तर खंडेनवमीला आम्ही सगळ्या हत्यारांची पूजा करतो. घरात विळा, खुरपं, कुऱ्हाड, पारय. स्टुडिओत कॅमेरे, स्टँड, लाइट, ड्रोन. चादर घालून सगळं ओळीनं मांडायचं. यंदा ह्यांना काय सुचलं कुणास ठाऊक, हार्ड डिस्कपण मांडली. "बिचारी वर्षभर राबते, तिला का सोडायचं?" पाण्यात बोट बुडवून हळद लावली, कुंकू लावलं, वर चिमूटभर अक्षता टाकल्या, झेंडू ठेवला. मग नारळ फोडला आणि त्याचं पाणी सगळ्यांवर शिंपडलं. कॅमेऱ्यांना टोपणं होती. हार्ड डिस्क उभी ठेवलेली, पिन घालायचं तोंड वर करून. मी तिथंच होते. मीपण हात जोडले. आता खोटं कशाला बोलू?

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी जयाबाई आल्या. आमच्या आणि त्यांच्या शेताचा बांध एक, मी त्यांना आक्का म्हणते. त्यांच्या लेकीचं, प्रियदर्शनीचं लग्न आम्हीच वैशाखात शूट केलेलं. अजून व्हिडिओ दिला नव्हता, पण त्यात आमची चूक नव्हती हो. अल्बम आणि व्हिडिओ एकदमच द्या म्हणाले, आणि अल्बमचे फोटो निवडायला त्यांच्या घराला पाच महिने लागले. आत्याला स्वतःचा फोटो मोठा पाहिजे, काकाला आत्याचा बारीक पाहिजे. शेवटी अल्बम एकदाचा छापायला गेला.

"मंगल, प्रियदर्शनी दिवाळसणाला येणार बघ, जावयांना घेऊन," आक्का म्हणाल्या. "सगळ्यांत बसून टीव्हीवर लग्न बघायचं ठरलंय. पण त्याच्या आधी मला एकटीला दाखवशील काय गं? नुसत्या अक्षता. मी बघितल्या न्हाईत."

मला माहीत होतं. त्यांच्या घरात रीत आहे, मुलीच्या आईनं अक्षता बघायच्या न्हाईत. अंतरपाट धरला की आईनं मांडवातनं उठायचं आणि परड्यात जाऊन तुळशीला पाणी घालत बसायचं. आक्कांच्या सासूबाई, दुर्गाबाई, ऐंशीच्या पुढं आहेत, पण रीतीला एकदम कडक. लग्न दारातच होतं. मुहूर्ताच्या वेळी आक्का तांब्या घेऊन मागं गेल्या त्या मी बघितलेल्या.

"एकच लेक माझी," आक्का म्हणाल्या. "सगळ्या गावानं बघितलं. वाढप्यांनी बघितलं. मी तेवढी न्हाय बघितलं."

"आत्ता लावते की, बसा!" म्हटलं आणि लई ऐटीत पिन घातली. काही न्हाय. काढून परत घातली. टक. टक. टक. आतनं कोणतरी बोटं मोडतंय तसा आवाज. उजेडात धरून बघितली तर पिनेच्या भोकात पिवळं आणि लाल. "आक्का, उद्या या, कॉम्प्युटर जरा बिघडलाय," म्हटलं. त्या गेल्या, आणि मग मी ह्यांना जे बोलले ते गिरणीत ऐकू गेलं.

कॅमेऱ्याची कार्डं पुसून त्यावर पुढची चार लग्नं शूट झालेली. म्हणजे प्रियदर्शनीच्या अक्षता जगात एकाच ठिकाणी होत्या, त्या कुंकवाच्या डबीत. हे दोन्ही हात गुडघ्यांत घालून बसले. हा माणूस गप्प बसला की मला जास्तच राग येतो.

दुसऱ्या दिवशी आक्का आल्या तेव्हा मी खरं ते सांगून टाकलं. पूजा, पाणी, सगळं. त्या पायरीवरच बसल्या.

"म्हणजे गेलं?"

"माहीत न्हाय, आक्का. बेळगावला घेऊन जाते, बघते."

त्या मला एक शब्द वाईट बोलल्या न्हाईत, तेच लई लागलं. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. जाताना म्हणाल्या, "कुंकूच लावलंय न्हवं? मग वाईट कसं होईल?" काय बोलावं अशा माणसाला! मला रडूच आलं.

बेळगावात साईराज म्हणून एकजण असल्या वस्तू दुरुस्त करतो. दुकान एवढंसं, गिऱ्हाईक बाहेर आणि तो आत. त्यानं भिंग लावून बघितलं आणि हसायलाच लागला. "ताई, हे देव्हाऱ्यातनं आणलंय काय?"

"हसू नको रं बाबा. एका आईचा जीव अडकलाय त्यात."

मग त्यानं हत्यारं बाहेर काढली. बारीक ब्रश, स्पिरिट, चिमटा. हळद निघाली, कुंकू निघालं. शेवटी चिमट्यातनं त्यानं कायतरी पांढरं बाहेर काढलं आणि माझ्या तळहातावर ठेवलं. तांदळाची कणी होती. अक्षतांतली.

डिस्क लागली! पण साईराज मान हलवत म्हणाला, "आतनंपण थकलीय ही. आवाज बघा की. एकदाच चालंल असं समजा. तापू द्यायची न्हाय, हलवायची न्हाय, मधी बंद करायची न्हाय. आणि सगळं काढायला जाऊ नका. जे लई पाहिजे तेच पहिल्यांदा काढा."

मला काय लई पाहिजे ते विचारायची गरजच नव्हती. बाकीची लग्नं त्यांच्या त्यांच्या घरी पोचलेली. प्रियदर्शनीचं सकाळपासनं वरातीपर्यंत सगळं शूट होतं, त्यातल्या अक्षतांच्या फायली दोनच. एक समोरच्या मोठ्या कॅमेऱ्याची, तो हे स्वतः धरून होते. दुसरी बाजूच्या लहान कॅमेऱ्याची. तो मांडवाच्या कोपऱ्यात स्टँडवर लावून ठेवलेला, कुणाचं तिकडं लक्षबी नव्हतं.

सकाळी नऊला डिस्क टेबलावर ठेवली, लॅपटॉपला पिन जोडली आणि मोठी फाइल कॉपीला लावली. आक्का भुईमुगाच्या शेंगांची बुट्टी घेऊन फोडायला आलत्या. "हात रिकामे असले की जीव घाबरतो," म्हणाल्या. ह्यांना मी दाराबाहेर स्टूल टाकून बसवलं, कुणाला आत सोडायचं न्हाय म्हणून. खरं म्हणजे ह्यांनाच आत सोडायचं नव्हतं.

दहा मिनिटं म्हणाली. मग पाच तास. आम्ही दोघी शेंगा फोडत बसलो. आक्कांनी प्रियदर्शनी लहानपणी शेजारच्या पारूच्या म्हशीवर बसून शाळेला निघालती ते सांगितलं, मी माझ्या सासूचं सांगितलं, दाणे निम्मे बुट्टीत आणि निम्मे पोटात गेले. खरं सांगते, इतकी निवांत मी कितीतरी दिवसांत बसले नव्हते. साडेअकराला करंट गेला. लॅपटॉप बॅटरीवर चालू राहिला, पण पंखा थांबला. तापेल की! आक्कांनी नमुन्याच्या पत्रिकांतली एक उचलली आणि डिस्कला वारा घालायला लागल्या. बघते तर प्रियदर्शनीच्याच लग्नाची पत्रिका.

मोठी फाइल बासष्ट टक्क्यांवर गेली आणि अडकली. टक, टक, टक, आणि डिस्क गायबच झाली. कॉपी अर्धवट, ती उघडंनासुद्धा.

"काय झालं गं?"

"थांबा, आक्का. थंड होऊ दे तिला." बाहेरनं हे म्हणाले, "बारकी फाइल लाव, मंगल. कोपऱ्यातली." पूजेपासनं पहिल्यांदा कामाचं बोलले.

अर्धा तास थांबून परत पिन घातली. लागली. बारकी फाइल लावली. आक्कांचा हात वारा घालून दुखला की मी घालायची. करंट आला तरी आम्ही वारा घालतच होतो. तीनला पाच मिनिटं कमी असताना शंभर टक्के झालं. एका मिनिटात तिच्या दोन कॉप्या केल्या, एक कॉम्प्युटरात, एक पेनड्राइव्हवर. आणि बघा, त्यानंतर ती डिस्क जी मुकी झाली ती झालीच. परत काही दिसली न्हाय.

"या," म्हटलं. आक्कांना माझ्या खुर्चीवर बसवलं, ह्यांनापण आत घेतलं.

पडद्यावर अंतरपाट धरलेला. प्रियदर्शनी बाजूनं दिसत होती, मुंडावळ्या, हातात हार. भटजींनी मंगलाष्टकं सुरू केली. तिची हनुवटी थरथरत होती. डोळे इकडं तिकडं फिरत होते, कुणालातरी शोधत असल्यागत. आक्कांनी पदर तोंडाला लावला.

मला कापायची सवय. माझे डोळे आधी कोपऱ्यात जातात, नको असलेलं काय आलंय ते बघायला. मागं घराची खिडकी दिसत होती, आणि खिडकीत एक बाई उभी होती. हिरवं लुगडं. एका हातात तांब्या. डोळे गच्च मिटलेले. "सावधान" आलं की तिचा दुसरा हात वर जायचा आणि आतल्या आतच अक्षता टाकायचा.

"आक्का," मी म्हटलं, "ह्या तुम्ही न्हवं?"

त्या लालबुंद झाल्या. "मी बघितलं न्हाय गं! शपथ घेते. तुळशीपाशी आवाज नीट येईना म्हणून आत आलते. डोळे उघडले न्हाईत. बघ की, मिटलेलेच हाईत न्हवं?"

"मिटलेलेच आहेत."

"सासूबाईंना दिसलं तर?"

मी माऊसवर हात ठेवला. "दोन मिनिटांचं काम आहे. चित्र जरा जवळ ओढलं की खिडकी बाहेर जाते. प्रियदर्शनी तेवढी राहते. कापू?"

त्यांनी खुर्ची पडद्याजवळ ओढली. मग म्हणाल्या, "आधी परत एकदा लाव."

परत लावलं. मग अजून एकदा. आणि त्या तिसऱ्या वेळी आमच्या ह्यांनी पडद्याला बोट लावलं. "पोरीकडं बघा. तिच्या डोळ्यांकडं."

प्रियदर्शनीचे फिरणारे डोळे एका ठिकाणी थांबले होते. खिडकीवर. मिटल्या डोळ्यांची आई तिला दिसली, आणि हनुवटी थरथरायची थांबली. शेवटच्या मंगलाष्टकापर्यंत ती तिथंच बघत होती. अंतरपाट काढला तेव्हा कुठं नवऱ्याकडं वळली.

आक्का रडल्या, हसल्या, परत रडल्या. मीपण. ह्यांनी उगीच कॅमेरा पुसायला घेतला.

"चूक झाली, आक्का," हे खाली बघून म्हणाले.

"गप रं. तुझ्या मोठ्या कॅमेऱ्याची फाइल निघाली असती तर ही खिडकी मी कधी बघितली असती?" आक्कांनी पेनड्राइव्ह घेतला, पदराच्या टोकाला बांधला आणि वरनं दुसरी गाठ मारली. बुट्टी काखेत घेऊन दारापर्यंत गेल्या आणि वळल्या.

"कापू नको, मंगल. सासूबाईंनी विचारलं तर सांगीन की. मी कुठं लेकीला बघितलं? लेकीनं मला बघितलं."