वाकडी वेणी

"नवरा दारू पितो का?" फोनवरून प्रश्न आला आणि माझ्या हातातली जिलेबी हातातच राहिली.

फोन स्पीकरवर होता. पलीकडे अश्विन, पुण्याच्या प्रकाशनसंस्थेतला संपादक. अलीकडे, इंदूरच्या घरात, मी, यतीन, जवळच्या महूच्या शाळेतला ड्रॉइंगचा मास्तर, आणि माझी बायको निशिगंधा, जी बँकेत नोकरी करून कादंबऱ्या लिहिते. रविवारचे पोहे निवत चालले होते.

"कुणाचा नवरा?" निशीनं विचारलं.

"नायिकेचा हो, ताई. पितो असं करूया का? नाहीतर मारतो, काहीही. चांगली सुखवस्तू बाई पावसाळाभर अंथरुणातून उठत नाही, आणि त्याला कारणच नाही? वाचकाला पटायला नको? एक कारण द्या, दिवाळीपर्यंत पुस्तक काढतो."

"आणि नाही दिलं तर?"

"मग आम्हाला विचार करावा लागेल."

पुण्याचा माणूस नाही म्हणत नाही, विचार करतो. त्यानं फोन ठेवला.

ती अंथरुणातली बाई कोण, हे मला कुणी सांगायला नको होतं. तीन वर्षांपूर्वी निशी अशीच पडून होती. घरात भांडण नाही, कुणाचं मरण नाही, मुलगी ईशा बंगळुरूला मजेत. बघायला येणारे नातेवाईक जाताना माझ्याकडे संशयानं बघून जायचे. निशीच्या सुलोचनामावशींनी तर मला गॅलरीत नेऊन विचारलं, "सच सांग, बाहेर काही चक्कर तर नाही ना?" माझ्यासारख्या टकल्यावर कोण भाळणार! शेवटी डॉक्टरांना दाखवलं, गोळ्या सुरू झाल्या, आणि निशी हळूहळू उठली. उठल्यावर तिनं ते सगळं लिहायला घेतलं. एक गोळी अजून आहे, रात्री जेवणानंतरची.

मला मार्ग सोपा वाटला. "करून टाक ना मला दारुडा," मी म्हणालो. "त्यात काय? किताब तर निघेल."

"पूरं इंदूर तुम्हालाच धरेल."

"धरू दे. मी कुठं इलेक्शन लढतोय? इतकी मेहनत केलीस, ती काय रद्दीत घालायची?"

ती हसली नाही. पोह्यांवर चिमूटभर जीरावन मसाला टाकला आणि माझी बशी पुढे सरकवली.

"ऐका. मी पडले होते ना, तेव्हा मी पण कारणच शोधत होते. सापडलं असतं तर कमीत कमी कुणावर गुस्सा तरी केला असता. नाही सापडलं, तर वाटायचं, मीच नाटक करतेय. नवरा चांगला, पोरगी चांगली, मग तुला झालं काय? मर ना एकदाची." हे ती भाजीचा भाव सांगावा तशी बोलत होती. "आता अशीच कोणी बाई कुठं पडली असेल, तिनं माझी कादंबरी वाचली आणि त्यात दारुडा नवरा निघाला, तर? ती म्हणेल, हिच्याकडे कारण तरी होतं. माझ्याकडे ते पण नाही."

ते 'मर ना एकदाची' मी पहिल्यांदाच ऐकत होतो. तिच्या शेजारी झोपून मला ते कळलं नव्हतं. मला फार वाईट वाटलं, आणि रागही आला, पण कोणावर काढावा ते समजेना. तोवर तिनं अश्विनला फोन लावला होता.

"कारण नाही, अश्विन. आहे तसंच राहील."

"ताई, भावनेच्या भरात निर्णय नको."

"भावनेच्या भरात नाही, नीट गोळी घेऊन बोलतेय. आणि एक पान वाढवतेय."

पान तिनं त्याच दुपारी लिहिलं आणि माझ्यापुढे ठेवलं. त्यात एक नवरा होता. सकाळी बस पकडण्याआधी तो पडलेल्या बायकोच्या केसांची वेणी घालायचा. पट्टीशिवाय सरळ रेघ मारणारा माणूस, पण वेणी रोज डाव्या कानाकडे वाकडी जायची. बायको एक शब्द बोलायची नाही. पण दिवसभर हात मागे नेऊन ती वेणी चाचपत राहायची. मी समजत होतो, तिला त्या दिवसांतलं काही आठवत नाही.

अश्विनचा विचार महिनाभर चालला आणि पुस्तक परत आलं. निशी त्या दिवशीही वेळेवर बँकेत गेली. संध्याकाळी मराठी वाचनालयात फोन करून तिनं पुढच्या कार्यक्रमात आपलं नाव घालायला सांगितलं. "छापत नाहीत तर वाचून दाखवते."

"अगं, सगळे येतील तिथं. मावशी, बँकेतले."

"येऊ दे. म्हणतील, मॅडम गोळी घेतात. घेतेच."

वाचनाच्या संध्याकाळी ती माहेश्वरी साडी नेसून तयार झाली आणि माझ्याकडे पाठ करून पलंगावर बसली. खांद्यावरून कंगवा मागे केला. तीन वर्षांत असं झालं नव्हतं.

"निशी, बरी आहेस ना?"

"एकदम बरी. घाला."

मी फार जपून पेड घातले. तरी वेणी डाव्या कानाकडे गेलीच. मी सोडायला लागलो, तसा तिनं माझा हात धरला.

"राहू द्या," ती म्हणाली. "तशीच लिहिली आहे."

मी खाली जाऊन स्कूटर काढली. कागदांची पिशवी मांडीवर घेऊन ती मागे बसली.