दावं विकणाऱ्याचं

नेकनूरच्या बाजारात आता बैलांपेक्षा चहाच्या टपऱ्या जास्त. त्यातल्याच एका टपरीच्या बाकड्यावर दिलावरचाचा बसलेला असायचा. जनावरांचा दलाल. ट्रॅक्टर आले तसे बैल गेले, आणि चाचाच्या रुमालाखाली हात घालून भाव ठरवणारी माणसंही गेली. पण त्याची जबान अजून चालत होती. त्यानं "जनावर गरीब हाय" म्हटलं की घेणारा दात बघत नसे. एवढंच त्याच्याजवळ उरलं होतं आणि त्याला ते पुष्कळ वाटायचं.

एका रविवारी त्याच्यापुढं दोन पोरं येऊन उभी राहिली. नेकनूरचाच शिवशंकर आणि तेलगावचा अभिमन्यू. विकायचं काय, तर मोबाइलमधल्या बंदुकांच्या खेळातली आयडी, म्हणजे खेळणाऱ्याचं खातं. शिवशंकरनं शाळेपासून त्या खेळात डोळे फोडले होते. त्याच्या आयडीत असे पोशाख आणि अशा बंदुका होत्या, की कंपनीनं त्या परत कधी काढल्याच नाहीत. आता त्याला पुण्याला कामाला जायचं होतं, खोलीचं डिपॉझिट भरायचं होतं. अभिमन्यूच्या घरी ऊस होता, त्यामुळं हौसही होती. अडचण अशी, की पैसे आधी दिले तर आयडी मिळत नाही आणि आयडी आधी दिली तर पैसे बुडतात. या धंद्यात दोघंही पोळलेले होते.

"मधी कुनीतरी पाहिजे, चाचा," शिवशंकर म्हणाला. "आमी दोघंबी मानू असा."

चाचाला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण आपल्याला अजून कुणी मानतं म्हटल्यावर म्हातारा खुलला. त्यानं रुमाल झटकला, एकेकाचा हात त्याखाली घेऊन बोटं दाबली आणि सौदा पटवला. पैसे शिवशंकरकडं गेले, पासवर्ड अभिमन्यूकडं. मग चाचानं नेहमीचा सवाल टाकला.

"ह्याचं दावं कोनतं?"

पोरं हसली, पण सवाल दोघांनाही कळला. जनावर विकलं तरी दावं विकायचं नाही, ते मालकानं घरी न्यायचं. नाहीतर गोठ्याची बरकत जाते. घेणाऱ्यानं आपलं दावं आणावं. शिवशंकरनं जरा विचार केला.

"माझा नंबर म्हना. पासवर्ड नसला तरी त्याच्यावर ओटीपी आला की आयडी उघडती."

"मग त्यो तुझ्यापाशीच राहू दे. दावं देत नसतेत." चाचा अभिमन्यूकडं वळला. "अन् तू कावून घाबरतो बे? जनावर मागं पळालं तर मी हाय. माझी जबान."

शहरातल्या पोरानं आधी नंबर बदलून घेतला असता. अभिमन्यूच्या घरी आजही गाय विकली की दावं खुंटीवर परत येतं. त्याला ते रीतीनंच झालं असं वाटलं.

चाचा त्या दिवशी गुणगुणत घरी गेला. बायकोला, जैनबबीला, त्यानं सांगितलं की धंदा परत सुरू झाला, फक्त जनावर दिसत नाही.

महिनाभरानं अभिमन्यू आला तो तणतणतच.

"तुमचं जनावर मेलं, चाचा."

चाचानं शिवशंकरला पुण्याला फोन लावला. "आईची शपथ, चाचा, काय चोरलं न्हाई," तो म्हणाला. "इथं खोलीत कुनी बोलत न्हाई. लई आठवन यायची. नुसतं बघाया गेलतो." पण तो बघायला शिरला की तिकडं तेलगावात खेळणारा अभिमन्यू बाहेर फेकला जायचा. एकच आयडी आज पुण्यात तर उद्या तेलगावात, म्हणजे ती विकलेली, हे कंपनीनं ओळखलं आणि ती कायमची बंद केली. दाद तरी कुठं मागायची? आयडी विकणंच मुळात नियमात बसत नव्हतं.

"अन् पैसे?"

"डिपॉझिटात गेले, चाचा," म्हणून शिवशंकर रडायला लागला.

चाचाला त्याचा रागही येईना. विकलेल्या बैलाला बघायला जुने मालक जातात, मानेवरून हात फिरवून येतात, हे त्यानं जन्मभर पाहिलं होतं. हात फिरवल्यानं जनावर मरतं हे मात्र त्याला नवीन होतं.

"मेलं म्हंतो, मंग पडलंय कुठं?" त्यानं विचारलं.

अभिमन्यूनं मोबाइल पुढं धरला. पडद्यावर दोन ओळी होत्या, बाकी काही नाही.

चाचा उठला आणि त्याला घरी घेऊन गेला. दारात म्हशीची वगार बांधलेली होती, जैनबबीनं बाटलीनं दूध पाजून वाढवलेली, आता वर्षभरात व्यायला येईल अशी. चाचा खुंट्याकडं वळला तशी जैनबबी बाहेर आली.

"जबान तुमारी, और वगार मेरी?"

चाचानं वगार सोडली, सवयीप्रमाणं तिच्या गळ्यातलं दावं काढून गुंडाळलं आणि खांद्यावर टाकलं.

"दुकानातून नवं आनून देतो तुला," तो अभिमन्यूला म्हणाला.

"नवं न्हाई. हेच द्या."

"आरं, दावं देत नसतेत."

"ठावं हाय. पर तुमच्यापाशी कायबी ठेवायचं न्हाई मला, चाचा."

साऱ्या जन्मात बाजारात असं त्याला कुणी म्हटलं नव्हतं. पोरगं ओरडलंही नाही, साधंच बोललं. चाचानं खांद्यावरचं दावं उतरवून त्याच्या हातात दिलं.

पुढच्या रविवारी तो बाजारात गेला नाही. बाकड्यावर कुणीतरी दुसरंच बसलं होतं.