वल्लरीचं मत

मालिनीताईंनी मतपत्रिकेच्या पाकिटाची कड जिभेने ओली केली, चिकटवली आणि वर तळहाताने दोनदा थोपटलं.

“पॅरोलच्या प्रस्तावावर येस केलंस ना गं?”

“केलं की,” वल्लरी म्हणाली आणि संत्र्याची साल काढत राहिली.

“शेजारची सुमित्रा म्हणते, खुनी सोडायला निघालात का! म्हटलं, मारिसोल तेव्हा सोळा वर्षांची पोरगी, बाहेर गाडीत बसलेली, गोळी दुसऱ्याने झाडली.”

“आई, मला पाठ आहे हे.”

वल्लरीने आपली मतपत्रिका आठवड्यापूर्वीच पेटीत टाकली होती. अल्पवयात गुन्हा केलेल्यांना पॅरोलची सुनावणी लवकर मिळावी, हा लोकांच्या मताला टाकलेला प्रस्ताव तिला पटत होता. ऑफिसात दोघांना तिनेच ते समजावलं होतं. तरी काळ्या पेनाने तिने ‘नो’चा गोल भरला होता. सावकाश, रेघेबाहेर न जाता.

आई इस्त्रीकडे वळली. तुरुंगात भेटीला निळी जीन्स चालत नाही, कैद्यांचे कपडे त्याच रंगाचे; म्हणून तिने खास बदामी पँट घेतली होती. पत्रांतून कैद्यांना गणित शिकवता शिकवता तिथल्या मारिसोलशी ओळख झाली आणि सहा वर्षं आई सांता क्लाराच्या घरून दोन तास गाडी चालवत तिला भेटायला जात होती. घरचं खाणं आत नेता येत नाही, म्हणून तिने चिरोट्यांची कृती तोंडीच सांगितली. कधी न चाखलेले चिरोटे मारिसोलला पाठ होते. वल्लरीने एकदा कृती विचारली, तेव्हा आई म्हणाली होती, “तुला कुठे वेळ असतो?”

“या शनिवारी राहायला ये ना माझ्याकडे.”

“या शनिवारी तिकडे जायचंय गं. पुढच्या बघू.”

वल्लरीने हातातली फोड परत बशीत ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईच्या मेंदूत रक्तस्राव झाला. संध्याकाळपर्यंत सगळं संपलं.

प्रस्ताव थोडक्या मतांनी मंजूर झाला. तेराव्यानंतर दोन दिवसांनी वल्लरी आईचे कपडे पिशव्यांत भरत होती, तेव्हा आईचा मोबाइल वाजला. रेकॉर्ड केलेला आवाज म्हणाला, तुरुंगातून कॉल आहे, घ्यायचा असेल तर पाच दाबा. तिचं बोट तसंच थांबलं. मग तिने पाच दाबलं.

“काकू? त्या शनिवारी आला नाहीत! कळलं ना, मला सुनावणी मिळणार?”

बाकी सगळं इंग्रजीत. ‘काकू’ मात्र अगदी आईने शिकवावं तसं.

“मी वल्लरी. त्यांची मुलगी. आई गेली. दोन आठवडे झाले.”

पलीकडे लोखंडी दार आपटलं, लांबवर कुणी हसलं. मग अडखळत, मराठीत मारिसोलने विचारलं,

“जेवलीस का तू?”

वल्लरी पलंगाच्या कडेवर बसली.

“मारिसोल, मी नो केलं होतं. आईला येस सांगितलं.”

फोन बंद झाला नाही.

“का?”

“प्रस्ताव मला पटला होता. कारण ते नव्हतं.” तिने डोळे मिटले. “शनिवारी ती तुझ्याकडे यायची. मला ती हवी होती.”