जुन्या पाण्याची बरणी

माझ्या गळ्याभोवती पन्हळीसारखा खोलगट काठ आहे. त्यात बोटभर पाणी असते आणि त्या पाण्यात माझे झाकण पालथे बुडलेले असते. मधूनच झाकणाच्या कडेखालून एक बुडबुडा वर येतो, क्षणभर थांबतो आणि फुटतो. आतली हवा बाहेर जाते, बाहेरची आत येत नाही. माझी सगळी विद्या एवढीच आहे. पण तीही नीट कळलेली माणसे मला आयुष्यात फार थोडी भेटली.

मित्रांनो, मी एक जुनी लोणच्याची बरणी आहे. चेंगदू शहरातल्या एका अरुंद गल्लीत गोंग सूफन नावाच्या बाईचे नूडल्सचे लहानसे दुकान आहे. त्या दुकानाच्या स्वयंपाकघरात, जिन्याखाली, मी बसते.

माझी माती दक्षिणेकडच्या टेकड्यांतली. भट्टीत माझ्याबरोबर भाजल्या गेलेल्या पुष्कळजणी तडकल्या. त्यांचे मला वाईट वाटले नाही, कारण त्यांची मातीच हलकी होती. बाजारात सूफनची सासू बरणी घ्यायला आली, तेव्हा तिने आमची परीक्षा घेतली. कागदाचा तुकडा पेटवून प्रत्येकीच्या पोटात टाकला, झाकण घातले, काठात पाणी ओतले आणि कान लावून बसली. आग विझली की आतली हवा आकसते आणि धड बरणी असेल तर काठातले पाणी आत ओढून घेते. माझ्या शेजारणींनी घोटभर पाणी कसेबसे घेतले. मी असा आवाज करून प्यायले की म्हातारी म्हणाली, "हिला ओढ आहे." त्याच दिवशी मी या गल्लीत आले.

माझ्या पोटातले पाणी मात्र माझ्याहूनही जुने आहे. मीठ, खडीसाखर, आले, लाल मिरच्या आणि जिभेला मुंग्या आणणारे, तिरफळाच्या जातीचे इथले मिरे यांचे ते पाणी. मुळा, मोहरीचा पाला, चवळीच्या शेंगा त्यात घालायच्या, आंबल्या की काढायच्या आणि पाणी तसेच ठेवायचे. लेकीने किंवा सुनेने वेगळी चूल मांडली की घरातली वडीलधारी बाई तिला या पाण्याचा एक वाडगा देते. तुमच्याकडे विरजण देतात तसेच. नव्या बरणीतले नवे पाणी त्या वाडग्यावर लागते.

याचा नियम एकच आहे. तेलाचा थेंब आत जाता कामा नये. तेल आत राहिले की पाण्यावर पांढरी साय धरते, पाणी बुळबुळीत होते आणि मग ते ओतूनच द्यावे लागते. म्हणून माझ्या डोक्यावर भिंतीत एक खिळा आहे आणि त्याला जेवायच्या काड्यांची एक वेगळी जोडी आणि एक पळी टांगलेली असते. ती दोन्ही दुसऱ्या कशालाही लागत नाहीत. या शहरातले मूल हे चालायला शिकता शिकताच शिकते.

एक काळ असा होता की गल्लीतल्या बायका वाडगे घेऊन माझ्यासमोर उभ्या राहत आणि सूफन पळीपळीने पाणी वाढी. आता त्याच बायका दुकानातून लोणच्याची पिशवी आणतात, कात्रीने कोपरा कापतात आणि चवीला बरे आहे म्हणतात. त्यांच्या जिभेबद्दल मी काही बोलत नाही.

सूफनची मुलगी रुइचिंग माझ्या शेजारी वाढली. तिचे लग्न थोंग याओ या शन्यांगच्या मुलाशी झाले. शन्यांग फार उत्तरेला आहे. तिथल्या लोकांना तिखट म्हणजे काय ते ठाऊक नसते आणि मुळ्याचे ते काय करतात हे मी विचारलेले नाही. दोघांनी तिआनजिनला संसार थाटला. लेकीसाठी सूफनने एक लहान बरणी आणून ठेवली होती. लग्नानंतर निघताना रुइचिंग म्हणाली, "आई, आत्ता सामान फार आहे गं. पुढच्या वेळी नेते." ती लहान बरणी सात वर्षे माझ्या बाजूला पालथी पडून आहे. तिच्यात काही नसल्यामुळे तिला मतही नाही.

मधल्या काळात सूफनचा नवरा गेला आणि तिचे गुडघेही गेले. धाकटी बहीण तिला आपल्याकडे बोलावते आहे, उंच इमारतीतल्या फ्लॅटमध्ये, जिथल्या स्वयंपाकघरात दोन माणसे उभी राहत नाहीत. तिथे माझ्यासारखीचे काही काम नाही. दुकान बंद करायचे तर माझ्या पाण्याचे काय करायचे, हे आधी ठरायला हवे. सूफनने ते कधीच ठरवले नाही. लेकीचा फोन आला की ती विचारायला तोंड उघडी आणि "जेवलीस का?" एवढेच विचारी.

या वसंतात रुइचिंग आणि याओ तीन दिवसांसाठी चेंगदूला आले. आईकडे नव्हे, चेंगदूला. उतरले हॉटेलात.

पहिल्या संध्याकाळी दोघे दुकानात आले आणि रुइचिंगने फोनमधले फोटो दाखवायला घेतले. पहाटेपासून रांगेत उभे राहून त्यांनी एका पांड्याची पाठ पाहिली होती. मग बागेतल्या चहाच्या दुकानात बसून याओने कान कोरून घेतले आणि तिने त्याचे चित्रण केले. ज्या बागेत हिच्या आजोबांनी जन्मभर चहा प्यायला, तिथे हिने कपाचे आधी समोरून आणि मग बाजूने फोटो काढले. चहा गार झाला. ते तिने सांगितले नाही, पण फोटोत वाफ नव्हती.

शेजारची लान काकू शेंगा निवडत बसली होती. ती म्हणाली, "सूफन, लेक आलीय का सहल आलीय?"

"काकू, लांब गेल्यावरच गावाची किंमत कळते," रुइचिंग हसत म्हणाली.

"कळलीय ना? मग जेवून जा."

जेवणे मात्र शक्य नव्हते. सशाच्या मुंड्यांच्या एका गाजलेल्या दुकानात त्यांचा नंबर लागलेला होता. सूफनने दुपारीच माझ्या पोटातून चवळीच्या शेंगा काढून खिम्यासाठी बारीक चिरून ठेवल्या होत्या. त्या तिने आणि लान काकूने खाल्ल्या. लान काकूने दोनदा तोंड उघडले आणि दोन्ही वेळा त्यात घास घातला.

दुसऱ्या दिवशी ते मंदिर पाहून आले, मुखवटे विकणारी गल्ली पाहून आले आणि रात्रीच्या जेवणाला लाल रश्श्याच्या उकळत्या कढईपुढे बसले. तिखट कमी करा म्हणायची याओला लाज वाटली. परिणाम तिसऱ्या दिवशी सकाळी दिसला. रुइचिंग उरलेले चेंगदू उरकायला एकटी गेली आणि हा पोटावर हात धरून आमच्या स्वयंपाकघरात, माझ्यासमोरच्या ठेंगण्या स्टुलावर येऊन बसला. तोंड पिठासारखे पांढरे. शन्यांगच्या पुरुषाकडून मी याहून जास्त अपेक्षा केलीच नव्हती.

सूफनने त्याला तांदळाची पेज दिली आणि सोबत माझ्यातला मुळा. तो आधी घाबरत, मग गपगप खाऊ लागला. दुसऱ्यांदा पेज मागून घेतली.

"आई, हे पाणी किती जुनं आहे?" त्याने विचारले.

"माझ्याहून."

मग तो आपल्या आईच्या पिंपाबद्दल सांगू लागला. त्यांच्याकडे थंडीच्या तोंडाला कोबीचे गड्डे पिंपात रचतात आणि वर नदीतला दगड ठेवतात. लहानपणी तेलकट हाताने पिंपाजवळ गेला की आई त्याच्या बोटांवर पळी मारायची. पुढे आईवडील फ्लॅटमध्ये गेले, पिंप जिन्याखाली राहिले, पुढच्या वर्षी नेऊ म्हणत राहून गेले आणि एक दिवस कोणीतरी फोडले. आता घरी सगळे पाकिटातली कोबी खातात, असे त्याने सांगितले.

उघड्या तोंडाचे पिंप आणि झाकणाऐवजी डोक्यावर धोंडा. अशा गावंढळ भांड्याशी माझी तुलना झाली, हे मी निमूटपणे सोसले.

इतक्यात माझ्या काठातून एक बुडबुडा निघाला. याओ वाकून पाहू लागला. चुलीच्या उष्णतेने काठातले पाणी बरेच आटले होते आणि दोन दिवस पाहुण्यांच्या गडबडीत सूफनच्या ते लक्षात आले नव्हते. तो उठला, साबणाने हात धुतले, कोरडे केले आणि उकळून गार केलेल्या पाण्याचे भांडे विचारून घेऊन माझा काठ भरला. कोणी सांगितले नव्हते. चुलीजवळ सूफनची पळी हवेत थांबली. तिने काहीतरी बोलायला तोंड उघडले. मला वाटले, आता विचारते. ती म्हणाली, "अजून थोडी पेज वाढू?"

या बाईच्या धीराला मी अनेकदा भित्रेपणा म्हटले आहे. त्या सकाळीही म्हटले.

दुपारी रुइचिंग आली. दोन्ही हातांत पिशव्या, आणि तिखट तेलात बुडालेल्या, खिमा भरलेल्या मोदकांचा कागदी वाडगा. ती ते उभ्याउभ्या काड्यांनी खात होती. विमानतळावर जायची गाडी तिने येता येताच बोलावली होती. चेंगदू सगळे झाले, ती म्हणाली, आता फक्त घरचे एक राहिले. तिआनजिनच्या मैत्रिणींना आईची बरणी दाखवायची होती. एका हातात फोन धरून तिने दुसऱ्या हाताने माझे झाकण उचलले आणि मुळा वर काढून दाखवण्यासाठी हातातल्याच काड्या माझ्या पोटात घातल्या.

तेल पाण्यावर पसरले. आधी एक लाल ठिपका, मग चार, मग मोजता येऊ नयेत इतके. खिळ्यावरच्या कोरड्या काड्या तिच्या कानापासून वीतभर अंतरावर लटकत होत्या.

"रुइ," सूफन म्हणाली.

"एवढंसंच पडलंय गं, आई. वर आलंय ना, काढून टाक. पुढच्या वेळी मी आले की आपण सगळंच नवीन घालू."

उत्तरेकडच्या माणसाने हे केले असते तर मी समजू शकले असते. हिच्या तोंडात पहिला दात आला तेव्हा चोखायला माझ्याच पोटातला मुळा दिला होता.

याओने तिच्या हातातून फोन घेतला आणि टेबलावर ठेवला. पुन्हा हात धुतले. कोरडा वाडगा मागितला, तो पाण्यावर आडवा टेकवून वरचे तेल थोडेथोडे आत घेतले, पुसला, पुन्हा टेकवला. तेल लागलेले मुळ्याचे तुकडे बाजूला काढले. मग पाण्यावर साय धरू नये म्हणून सूफनने पुढे केलेली ज्वारीची कडक दारू काठाकाठाने आत सोडली. बाहेर गाडीचा भोंगा वाजला.

"याओ, विमान चुकेल."

"चुकू दे. बरणीचं तोंड उघडं आहे."

"तू आणि तुझ्या आईचं ते पिंप."

"हो," तो मान वर न करता म्हणाला. "तेही असंच गेलं. पुढच्या वेळी, पुढच्या वेळी करत."

त्याच्याबद्दलचे माझे मत मी बदललेले नाही. त्याचा हात स्वच्छ होता, एवढेच मी म्हणते. रुइचिंग दाराशी उभी राहिली. मग बाहेर जाऊन तिने गाडी परत पाठवली.

मित्रांनो, तुम्ही सहलीला जाल, लांबलांबचे पदार्थ रांगा लावून खाल. जरूर खा. पण तुमच्या घरातही जिन्याखाली एखादे भांडे असेल. त्याचा फोटो काढू नका. त्याला हात लावण्याआधी हात धुवा, आणि त्याच्या काठातले पाणी आटले आहे का, तेवढे पाहा. मी उद्या फुटले तरी हरकत नाही. मातीची आहे, फुटेनच. पण पाणी चालत राहायला हवे.

झाकण पुन्हा बसले. सूफन गुडघ्यावर हात टेकत खाली बसली आणि सात वर्षे पालथी पडलेली लहान बरणी तिने उलटी करून सरळ ठेवली. मग कागदाचा एक तुकडा पेटवून तिच्या पोटात टाकला, झाकण घातले आणि काठात पाणी ओतले. लहान बरणीने पाणी आत ओढले. आवाज बरा होता.

"आई," रुइचिंग हळूच म्हणाली, "विमानात नेऊ देत नाहीत गं."

"आगगाडीनं नेऊ," याओ म्हणाला.

सूफनने खिळ्यावरची पळी काढली, कोरड्या फडक्याने पुसली आणि लेकीकडे पाहिले.

"महिनाअखेर मी दुकान बंद करतेय आणि धाकटीकडे राहायला जातेय," ती म्हणाली. "या घरातलं पाणी आजवर लेकीला गेलं, नाहीतर सुनेला. मीही तुझ्यासाठीच थांबले होते, रुइ. आता नाही थांबत. पाणी मी याओला देतेय."