दुसरा वाडगा

क्रांतीचं कौतुक कानावर आलं की राजेश्वरीच्या पोटात दुखायचं, आणि हे तिचं तिलाही ठाऊक होतं. कराडच्या कॉलेजात दोघी देशमाने सरांकडेच पीएच.डी. करत होत्या. शब्दांत न सांगता सुचवलेला अर्थ हाच काव्याचा जीव, असं मानणाऱ्या ध्वनिसिद्धान्तात राजेश्वरीनं वर्षानुवर्षं डोकं खुपसलेलं. आणि ही मलकापूरची पोरगी येते काय, तोच सिद्धान्त जपानी अ‍ॅनिमेला, म्हणजे कार्टून मालिकेला लावते काय, आणि सर मान डोलावतात काय! सरांच्या नव्या ग्रंथात विद्यार्थ्याचं एकच प्रकरण जाणार होतं. ते आपलंच, असं राजेश्वरी घरी सांगूनही बसली होती.

क्रांतीचा निबंध एका दृश्यावर उभा होता. मुलगा लढाईवर गेलाय. आई सवयीनं जेवायला दोन वाडगे मांडते आणि एक परत फळीवर ठेवते. बोलत काहीच नाही. म्हणूनच हा करुण रस, असं क्रांतीचं म्हणणं. तिचे वडील फौजेत, तिला असलं दिसायचंच, म्हणत राजेश्वरीनं नाक मुरडलं. मग खोट काढायचीच म्हणून तिनं सगळी मालिका बघून काढली, नेट-सेटची लेक्चरं बघायच्या लॅपटॉपवरच. जपानी माणसं फारच भरभर बोलतात बुवा, एवढं तिला वाटलं. पण खोट सापडली! त्या आनंदात तिला जेवण सुचेना.

सांगलीच्या चर्चासत्रात क्रांतीचं वाचन संपलं, टाळ्या पडल्या, तशी राजेश्वरी ताडकन उठली.

"करुण कुठला? ती बाई वाडगा आपटते. चिडलीय ती मुलावर. हा उघड उघड रौद्र आहे. दृश्य नीट पाहिलंय का?"

"आपटत न्हाई गं," क्रांती म्हणाली. "लय हळू ठेवती."

"वाद कशाला?" सर म्हणाले. "दाखवा की."

राजेश्वरीनं ऐटीत आपला लॅपटॉप पडद्याला जोडला. आई तुरुतुरु आली, वाडगे मांडले, एक उचलला, बाहीचा फटकारा मारला, झटक्यात फळीवर. मागची पोरं खुदखुदली, मग सगळं सभागृहच हसायला लागलं. यात हसण्यासारखं काय, ते राजेश्वरीला कळेना.

क्रांती जवळ येऊन हळूच म्हणाली, "अगं, दुप्पट स्पीड हाय. लेक्चरचं सेटिंग तसंच ऱ्हायलंय बघ." तिनं स्पीड कमी केला आणि कुणी आणखी हसायच्या आत दृश्य पुन्हा लावलं.

आता आई सावकाश आली. दुसरा वाडगा हातात घेऊन थांबली, थांबलीच. न वापरलेला तो वाडगा तिनं बाहीनं पुसला आणि आवाज न करता फळीवर ठेवला. मागची खुदखुदणारी पोरं पुढं वाकून बघायला लागली.

राजेश्वरीचे डोळे घळाघळा वाहायला लागले. बघणारा माणूस रडतो तो इथं, आई वाडगा पुसते तेव्हा, असं क्रांतीनं निबंधात लिहिलं होतं. प्रकरण हातचं गेलं, फजिती झाली, तेही तिनं गिळलं असतं. पण भर सभेत क्रांतीचं म्हणणं खरं करायला आपलेच डोळे सापडावेत, याचा तिला संताप संताप झाला, आणि रडू काही थांबेना.